मुदतीचा अबोला

४ जून

वन्सं,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र फाडलं नसेल, तर पुढचंही वाचाल अशी आशा. पत्रास कारण एकच. तुमच्या दादांना ताप आहे.

मी महिनाभर इथे ठकीकडे अडकले आहे. तिचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, डॉक्टरांनी पलंगावरून हलायला मनाई केली आहे. जावई फिरतीवर, त्यामुळे तिला पाण्याचा पेला द्यायलाही मीच. तिकडे हे एकटे. ताप येतोय-जातोय, गोळी घेतो आणि लिलाव पुकारायला जातो, असं त्यांनी मागे कळवलं होतं. काल आलेल्या कार्डावर दोनच ओळी आहेत. 'बरा आहे. काळजी नको.' तुमचा भाऊ म्हणजे कार्डाच्या चारी कडांनी लिहून शेवटी पत्त्याच्या जागेत घुसणारा माणूस. पोस्टमन पत्ता शोधत बसतो. त्या दोन ओळी वाचून मी लगेच तुम्हाला लिहायला बसले.

तुमचा दोघांचा अबोला आहे, तो मोडा असं मी म्हणत नाही. तुमचं चष्म्याचं दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून गळ घालते. एकदा वर जाऊन बघून या. हवं तर बोलू नका. किल्ली खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरांकडे आहे.

तुमच्या चष्मेवाल्यांना नमस्कार, ते स्वीकारणार असतील तर.

— वहिनी


९ जून

वहिनी,

गेले होते. तुम्ही सांगितलंत म्हणून गेले, एवढं आधी लिहून ठेवते.

खिडक्या बंद, चहाची भांडी मोरीत, दादा पलंगावर. ताप आहे. जिभेवर पांढरा थर, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. मी दारात उभी राहिले तर डोळे माझ्याकडे वळले, आणि बस्स. एक शब्द नाही. सात वर्षांनी सख्खी बहीण दारात उभी आहे, तर निदान 'का आलीस' असं तरी विचारावं. मीच नमतं घेतलं. ताप किती दिवस आहे, औषध काय घेतोस, जेवलास का, असं एकेक विचारत गेले. त्याने छताकडे बघितलं. शेवटी मी म्हटलं, मी नको असेन तर तसं सांग, मी जाते. तेही सांगितलं नाही, म्हणून बसले.

तुम्हाला आठवत असेलच. अडतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासरची माणसं जेवायला बसली होती, आणि या लिलाववाल्याने चमचा टेबलावर आपटून पुकारलं, 'पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ... गेली एकदाची!' तेव्हा मी अबोला धरला. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण अबोला *मी* धरला होता. आता तोही धरून बसला तर रुसवा काढायचा कुणी?

लिलावघराचे मालक भेटले. त्यांनी सांगितलं ते ऐका. गेल्या आठवड्यात दादा एका जुन्या घड्याळाची बोली पुकारत होता. दुसऱ्या वेळेपर्यंत आला आणि थांबला. हातोडी हवेत, तोंड बंद. लोकांना वाटलं ही नवी युक्ती आहे. सगळे घाबरून बोली वाढवत गेले. मालक खूश. तिथून रिक्षात घालून त्याला घरी पाठवलं आणि वर शाबासकीही दिली.

मऊ भात ठेवून आले. उद्या पुन्हा जाईन. तो बोलला नाही तर मीही बोलणार नाही.

— तुमची नणंद


१३ जून

वन्सं,

तुमचे उपकार कसे फेडू? पण पत्र वाचून मी चक्रावले. हे आणि गप्प?

मी निघाले तेव्हा ते रुसले होते, हे खरं. 'लेकीला आई लागते, आणि नवऱ्याला काय खाणावळ लागते?' असं स्टेशनवर चार लोकांत म्हणाले. तेव्हा रुसवा असला तर तो माझ्यावर आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण यांचा रुसवा मी तीस वर्षं बघते आहे. तो बोलका असतो. 'मी तुझ्याशी बोलत नाही' हे ते दिवसभर बोलून सांगतात. आमच्या घरी शांतता अशी कधी झालीच नाही. हे झोपेतसुद्धा कपाटं विकतात.

म्हणून मला भीती वाटते. कृपा करून डॉक्टर आणा. ते नको म्हणतील. आता म्हणतच नाहीत, तर उलट सोपं आहे.

इथे ठकी छान आहे. काळजीचं काही नाही.

— वहिनी


१४ जून

वहिनी,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, कारण पत्ता बदललाय. दादा मोठ्या दवाखान्यात आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. त्याला टायफॉइड झालाय. आपले जुने लोक मुदतीचा ताप म्हणायचे तो.

हे माझ्या लक्षात आलं असं म्हणायची सोय नाही. मी रोज जात होते, भात भरवत होते आणि तोंड फुगवून समोर बसत होते. दोघंही गप्प. परवा चष्मेवाले मला न्यायला वर आले. लग्नानंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दारातूनच त्यांनी पाहिलं की दादाची बोटं चादरीवरून काहीतरी वेचताहेत, नसलेले दोरे ओढताहेत. चष्मेवाल्यांनी त्याला हाक मारली, त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला आणि मला म्हणाले, "हा अबोला नाही. रुसलेला माणूस चादर वेचत नाही." मग ज्या मेव्हण्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्याला पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरले.

वॉर्डच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि मोजकं बोलतात. त्यांनी समजावलं की औषधाविना आठवडे गेले, विष मेंदूपर्यंत पोचलं. अशा तापात कुणी बरळतं, कुणी बेशुद्ध पडतं. आणि फार क्वचित कुणाचं बोलणंच बंद होतं. त्याला ऐकू येतं, बरंचसं कळतं, पण शब्द काही बाहेर येत नाही. हातात पेन्सिल दिली, ती गळून पडली. वाचा परत येईल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक येते. मला 'बहुतेक' हा शब्द कधीच आवडला नाही.

म्हणजे मी इतके दिवस टायफॉइडशी भांडत होते. आणि तोही मला दाद देत नव्हता.

बाकी धोका नाही असं त्या म्हणाल्या. तुम्ही ठकीला सोडून येऊ नका. तिची वेळ महत्त्वाची.

एक विचारायचं आहे. त्याचा चष्मा बघून आमच्या चष्मेवाल्यांचा जीव कासावीस झालाय. नंबर भलताच, दांडी तिसऱ्याच फ्रेमची. हा दिला कुणी?

— नणंद


१८ जून

वन्सं,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. ठकीला कांद्याचं कारण सांगितलं. घरात कांदा नव्हता, पण तिने काही विचारलं नाही.

धोका नाही हे तुम्ही लिहिलंत म्हणून उभी आहे.

त्यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला. वर्तमानपत्र वाचा, दुकानातली गिऱ्हाइकं सांगा, माझ्याविरुद्ध बोला. ते आनंदाने ऐकतील. शांततेत हा माणूस मासा पाण्याबाहेर पडावा तसा होतो.

चष्म्याचं सांगते, पण त्यांना कळू देऊ नका. तुमच्या दुकानात जायचं नाही आणि दुसऱ्या दुकानात गेलं तर तुमचा अपमान होईल, असा त्यांचा पेच होता. मग लिलावात न विकल्या गेलेल्या एका खोक्यातून कुणाचा तरी जुना चष्मा त्यांनी उचलला. त्याच चष्म्यातून ते इतकी वर्षं जग बघताहेत. अलमारीला पलंग म्हणून पुकारल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

ठकी ठीक. पाय अजून सुजलेलेच, पण ते असतंच.

— वहिनी


२० जून

वहिनी,

आनंदाची बातमी. ताप उतरला.

काल संध्याकाळपर्यंत चढलेला होता आणि आज सकाळी एकदम खाली, जवळजवळ तुमच्या-माझ्याइतका. परिचारिकेने काचेची नळी दोनदा झटकून पाहिली. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या, तक्ता बघून पहिल्यांदा हसल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी सगळ्या वॉर्डात बिस्किटं वाटली.

दादा आज अगदी शांत आहे. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतलेत, लहानपणी झोपायचा तसे. भात नको, पाणीही नको. कपाळावर गार घाम आहे. ताप उतरताना घाम येतोच.

आणि आज मी बोलले. तुमचं पत्र अजून मिळालेलं नाही, तेव्हा हे माझ्याच बुद्धीने. म्हटलं, उत्तर द्यायची त्याची सोय नाही, अशी संधी पुन्हा यायची नाही. लग्नाच्या जेवणापासून सुरुवात केली. सासूबाई त्या रात्री काय म्हणाल्या, दुकानाचं नाव बदललं तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडून मान खाली घालून कसा गेला, मी आजारी पडले तेव्हा कशी वाट बघितली, सगळं. त्याने मध्येच माझं मनगट धरलं. घट्ट, हाडं दुखतील इतकं. आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. वहिनी, माझा भाऊ विरघळला. मी आणखी तासभर बोलत होते आणि त्याने हात सोडला नाही.

आता पोस्टात जाऊन हे टाकते. तुम्हाला हे आधी कळायला हवं.

— नणंद


२४ जून

वन्सं,

तुमच्या तोंडात साखर पडो. पत्र ठकीच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. पहिल्यांदा मोठ्याने, मग हळू, कारण शेजारी कुणीतरी झोपलेलं होतं. तुम्ही आत्याआजी झालात. परवा मुलगी झाली. नाक तुमच्या दादांचं आहे, आणि रडते तर तीन घरं ऐकतात, तेव्हा गळाही त्यांचाच.

मायलेकी सुखरूप. भावाबहिणींचा अबोला मोडला आणि घरात बाळ आलं, एका आठवड्यात आणखी काय मागायचं? त्यांना सांगा, आता ताप गेलाय तर लवकर घरी जा, आणि बोलायला लागा. नातीचं नाव ठेवायचंय. त्यांचं मत न घेता नाव ठेवलं तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल.

— वहिनी


२५ जून

वहिनी,

मागचं पत्र तुला मिळालं असेल तर फाडून टाक.

आधी शेवट सांगते, म्हणजे वाचता वाचता जीव टांगायला नको. दादा जिवंत आहे. आज डोळे उघडून त्याने मला ओळखलं, म्हणूनच लिहायला बसले. इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही.

त्या दिवशी मी तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकून परत आले. संध्याकाळी चष्मेवाले नवा चष्मा घेऊन आले. अंदाजाने नंबर काढला होता. त्याच्या नाकावर बसवायला वाकले तर कोपर पोटाला लागलं. नुसतं लागलं, वहिनी. दादाचं सबंध अंग आक्रसलं आणि तोंड उघडलं. आवाज नाही. मी ते तोंड कधी विसरणार नाही. यांनी पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक. म्हणाले, "डॉक्टरांना बोलव. धाव."

आतडं फाटलं होतं. सर्जन म्हणाले, या तापात आतड्याला आतून जखमा होतात, आणि एखाद्या दुर्दैवी रोग्याच्या जखमेचं भोक पडतं. आतलं सगळं पोटात सांडतं. तेव्हा माणूस गार पडतो, ताप धाडकन खाली येतो. घरची माणसं आनंद करतात. ताप पायरी पायरीने उतरला तर हसावं, कड्यावरून पडल्यासारखा उतरला तर आम्हाला बोलवावं, असं ते म्हणाले. ते कुणाला दोष देत नव्हते. शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. एरवी रोगी ओरडतो, म्हणून कळतं. हा ओरडणार कसा?

तेव्हा तुला कळलंच असेल. मी माझी सात वर्षं त्याच्यापुढे मांडत होते आणि त्याला फक्त पोट दुखतंय एवढं सांगायचं होतं. जन्मभर नको तिथे बोलला, आणि जिथे एक शब्द हवा होता तिथे तो नव्हता. डोळ्यांतलं पाणी माझ्यासाठी नव्हतं. मनगट धरलं ते मला थांबवायला. ते अजून निळं आहे. मी वॉर्डात वाटलेली बिस्किटं लोक अजून खाताहेत.

त्याच रात्री पोट उघडून शिवलं. पोटात नळी आहे, दंडात सुई आहे. आणखी चार-पाच दिवस काही सांगता येत नाही. आणि धोका नाही असं डॉक्टरीणबाई कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते माझं होतं.

वाचा नाहीच अजून.

— तुझी नणंद


२९ जून

वन्सं,

सबंध पत्रात तुम्ही मला 'तू' म्हटलंत. तुमच्या लक्षातही आलं नसेल. तसंच राहू दे. मीही प्रयत्न करते.

तू मला फसवलंस. मला वाईट वाटलं, आणि नंतर हसू आलं, कारण मीही तुला फसवत होते. ठकी कधीच ठीक नव्हती. तिचा रक्तदाब चढतच होता. बाळंतपणाच्या आदल्या रात्री तिला झटके आले, डोळे पांढरे झाले. घाईघाईने पोट उघडून मुलीला काढलं. दोन दिवस ती काचेच्या पेटीत होती. 'मायलेकी सुखरूप' हे मी लिहिलं तेव्हा ठकीने नुकते डोळे उघडले होते आणि मला अजून ओळखायची होती. तुझं 'ताप उतरला'चं पत्र मी तिच्या कानाशी वाचलं ते तिला जाग यावी म्हणून. आनंदाची बातमी ऐकून ती हलली असं मला वाटलं. बातमी खोटी होती, पण हलली खरी. तेव्हा ते पत्र मी फाडणार नाही.

दोघी एकमेकींना धीर देत होतो, आणि पोस्टखातं बिचारं खोट्याची ने-आण करत होतं.

आता खरं लिहिते. ठकी उठून बसते, बाळ दूध पितं. जावई रजा घेऊन आलेत. मी पुढच्या आठवड्यात निघते. तोपर्यंत मला जसं असेल तसंच कळव. गोड करू नकोस.

आणि स्वतःला खात बसू नकोस. मी तिथे असते तर मीही बिस्किटंच वाटली असती.

— वहिनी


५ जुलै

वहिनी,

जसं आहे तसं लिहिते.

नळी काढली. ताप नाही, आणि या वेळी पायरी पायरीने गेलाय, मी प्रत्येक पायरीवर डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या मला दुरून पाहूनच दुसऱ्या दाराने जायला लागल्या होत्या. दादाचं वजन इतकं उतरलंय की कूस बदलायला मी एकटी पुरते. केस गळताहेत, ते येतील म्हणे.

तुझं अठरा तारखेचं पत्र उशिरा हाती पडलं. तेव्हापासून त्याला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. बातम्या, हवामान, नोकरीच्या जाहिराती, शेवटी हरवल्याच्या सूचना. परवा दुपारी कुणाची तरी तपकिरी पिशवी हरवली होती, तिचं वर्णन मी वाचत होते. खाटेवरून आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट.

"पुरे."

मी वर्तमानपत्र टाकून वॉर्डभर धावले. डॉक्टरीणबाई आल्या, परिचारिका आल्या, शेजारचे रोगी सलाइनच्या दांड्या ढकलत आले. सगळ्यांनी त्याला पुन्हा बोलायला सांगितलं. पंधरा माणसं पुढ्यात उभी आणि हा गप्प. गर्दी बघून तोंड मिटण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. लोक पांगल्यावर म्हणाला, "पाणी." मग संध्याकाळी "खिडकी."

आता शब्द येतात, एकेक. लहान मूल वाळू चाळून शंख काढतं तसं शोधून काढतो. बाई म्हणतात, महिन्याभरात सुधारेल, बहुतेक पूर्ण. या वेळी 'बहुतेक' मी गिळला. नातीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ ओठ हलवत बसला आणि "मोठ्याने रडते?" असं विचारलं. हो म्हटल्यावर खूश झाला.

आज सकाळी मी धीर केला. त्याला विचारलं, त्या दिवशी तू माझा हात धरलास, मी इतकं बोलले, त्यातलं काही तुला ऐकू आलं का? त्याने बराच विचार केला. वाटलं, निदान एवढ्यापुरतं तरी खोटं बोलेल.

"नाही," म्हणाला. "पोट दुखत होतं."

मी चादर नीट करायला लागले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात त्याने माझी बाही ओढली.

"परत सांग."

वहिनी, सात वर्षं जे घोकलं, एकदा तासभर सांगूनही झालं, ते सांगायला बसले तर शब्द मलाच सापडेनात. कसंबसं लग्नाच्या जेवणापासून सुरू केलं. चमच्यापर्यंत आले तर त्याने हात वर केला. त्याला बोलायचं होतं. मी थांबले. वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला, सांगत नाही.

"मला वाटलं... लोक हसतील," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "कुणीच हसलं नाही."

वाईट माझं वाटलं की विनोद पडल्याचं, हे मी विचारलं नाही. ज्याला एकेक शब्द उपसून काढावा लागतो त्याने त्यातले इतके माझ्यावर खर्च केले, हे मला पुरलं. मी पुढच्या तक्रारीवर आले. म्हटलं, दुकानाची नवी पाटी लागली त्या दिवशी तू रस्त्याच्या पलीकडून गेलास, वर बघितलंसुद्धा नाहीस.

"पलीकडे सावली असते," म्हणाला.

मी म्हटलं, सकाळी सावली आमच्या बाजूला असते. तो म्हणाला, नसते. मी म्हटलं, मी रोज त्या दुकानात बसते. तो म्हणाला, "मी रोज... त्या रस्त्याने... जातो." मी आवाज चढवला. त्याने चढवायचा प्रयत्न केला, तो फाटला, पण त्याने सोडलं नाही. आता दाराच्या बाजूचा रोगी माझी बाजू घ्यायला लागला, त्याच्या पलीकडचा दादाची. परिचारिका धावत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

मी म्हटलं, काही नाही झालं बाई, भाऊ बोलतोय.

— तुझी नणंद